पटावरील स्थितीची पारख आणि यंत्राची परीक्षा

१९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये नॉयहाउझेन आणि झ्युरिक या दोन ठिकाणी बुद्धिबळाच्या आव्हानवीरांची जी स्पर्धा भरली, तीत सॅम्युएल रेशेव्हस्की यांच्याविरुद्ध काळी मोहरी घेऊन बसलेल्या तिग्रान पेट्रोस्यान यांच्यावर मोठा बिकट प्रसंग ओढवला होता. पांढऱ्याची डी ४ आणि ई ५ या घरांवरची प्यादी परस्परांच्या आधाराने पुढे सरकण्याच्या बेतात होती आणि काळ्याची मोहरी जागच्या जागी कोंडली गेली होती. अशा वेळी पंचविसाव्या चालीस पेट्रोस्यान यांनी ई ७ वरचा आपला हत्ती एकच घर पुढे सरकवून ई ६ वर, म्हणजे जी ४ वर बसलेल्या पांढऱ्या उंटाच्या थेट तोंडी नेऊन ठेवला. या चालीत शह नव्हता की मात करण्याचा धाक नव्हता. हेतू एवढाच की, ई ७ हे घर मोकळे व्हावे, सी ६ वरच्या घोड्याने त्या वाटेने डी ५ गाठावे, उंटाने हत्ती मारलाच तर त्याला मारणारे आपले प्यादे ई ६ वर येऊन त्या घोड्याला कायमचा टेकू द्यावा, आणि पांढऱ्याच्या प्याद्यांची आगेकूच तिथल्या तिथे थोपवली जाऊन त्याचा बी २ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांच्या भिंतीआड अडकून पडावा.

ज्याला पोझिशनल खेळ म्हणतात त्याचे मर्म या एका चालीत साठवलेले आहे. आणि एखाद्या यंत्राला ते कळते की नाही हे ताडून पाहण्याचे काम वाटते तितके सोपे का नाही, तेही हीच चाल सांगते. तीन चालींत मात करा, असे कोडे घातले तर उत्तर स्वतःच स्वतःचा पुरावा असते. मात झाली की वाद मिटला. परंतु घोडा डी ५ वर बसल्याने नेमके काय साधले, हे पटावर तत्काळ दिसत नाही. त्याचे फळ वीस चालींनंतर पदरात पडते, किंवा नुसता पराभव टळतो, आणि टळलेल्या पराभवाला साक्षीदार कोठून आणावा?

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राविषयी जो मूलगामी निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी पटाच्या स्थितीचे मोल ठरवण्यासाठी एक जमाखर्च मांडून दाखवला होता. वजिराचे नऊ गुण, हत्तीचे पाच, उंट व घोडा यांचे प्रत्येकी तीन, प्याद्याचा एक. दुहेरी, एकाकी वा मागे पडलेल्या प्रत्येक प्याद्यापायी अर्धा गुण वजा. आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीपोटी एक दशांश गुण जमा. आरंभ म्हणून ही मांडणी अत्यंत दूरदृष्टीची होती, याविषयी दुमत नाही. पण या वहीत पेट्रोस्यान यांची चाल नोंदली तर पाच गुणांचा हत्ती खर्ची पडून तीन गुणांचा उंट जमा होतो, आणि घोड्याला लाभलेल्या अढळ ठाण्यासाठी मात्र वेगळा रकानाच सापडत नाही.

शास्त्रशुद्ध परीक्षेचा पहिला ठळक प्रयत्न डॅनी कोपेक आणि इव्हान ब्रात्को यांनी केला. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. चोवीस स्थिती, प्रत्येकीला दोन मिनिटांची मुदत. त्यांपैकी बारा डावपेचांच्या होत्या. उरलेल्या बारांत, प्याद्याला प्यादे भिडवून प्याद्यांची रचनाच आपल्याला अनुकूल करून घेण्याची चाल शोधायची होती. हीच परीक्षा त्यांनी माणसांनाही दिली, हे मला या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य वाटते. कारण कोणत्या बळाच्या खेळाडूला कोठवर उमगते याचा अंदाज हाती असल्यावाचून यंत्राच्या गुणांना काही अर्थ येत नाही. त्या काळची यंत्रे डावपेचांत जितकी तरबेज ठरली, तितकी प्याद्यांच्या प्रश्नांत ठरली नाहीत.

पुढे डॅन कॉर्बिट आणि स्वामिनाथन नटराजन यांनी ‘स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट’ या नावाने पंधरा विषयांवर प्रत्येकी शंभर, अशा दीड हजार स्थितींचा संग्रह सिद्ध केला. मोकळ्या उभ्या पट्ट्यांवर व कर्णांवर ताबा मिळवणे, घोड्याला ठाणे मिळवून देणे, उंट विरुद्ध घोडा, राजाला कामाला लावणे असे त्यातील विषय पाहिले की, अनुभवी गुरू शिष्याला ज्या क्रमाने खेळ उलगडून दाखवील त्याची आठवण व्हावी. पहिल्या विषयातील, शत्रूच्या मोहऱ्याचा आधार पोखरण्याच्या प्रकरणातील, पहिलीच स्थिती वाचकांनी जमल्यास पट मांडून पाहावी. पांढऱ्याचा राजा जी १, वजीर ई २, हत्ती डी १, उंट डी ४ व एफ ३, प्यादी ए ४, बी २, एफ ४, जी ३, एच २; काळ्याचा राजा बी ८, वजीर ए ६, हत्ती सी ८, घोडे डी ५ व डी ७, प्यादी ए ५, बी ४, सी ४, ई ६, जी ५, एच ६. खेळी पांढऱ्याची. काळ्याकडे एक प्यादे अधिक आहे आणि त्याचा मधला घोडा मोठ्या रुबाबात बसला आहे. पण त्याचा सारा रुबाब ई ६ वरच्या एका प्याद्याच्या जोरावर आहे. म्हणून पांढऱ्याने एफ ४ वरचे प्यादे एफ ५ वर ढकलावे. ई ६ च्या प्याद्याने ते मारले की आधार गेला आणि एफ ३ चा उंट घोडा टिपतो. या चालीस दहा गुण आहेत; परंतु डी ४ चा उंट एफ २ वर मागे घेण्यास तीन, त्यानेच ई ५ वरून शह देण्यास दोन आणि एफ ३ चा उंट जी ४ वर आणण्यासही दोन गुण ठेवले आहेत. पोझिशनल खेळात बरोबर आणि चूक यांच्यामध्ये बऱ्या चालींची मोठी रांग असते, हे ओळखून केलेली ही तजवीज मला फार समंजस वाटते.

तरीही एक शंका मनातून जात नाही. एफ ५ शोधणाऱ्या यंत्राने आधार पोखरण्याचे तत्त्व जाणले, की दर सेकंदाला लक्षावधी स्थिती चाळता चाळता घोडा पडतो एवढेच त्याला दिसले? शॅनन यांच्या हिशेबाप्रमाणे एका स्थितीत सुमारे तीस चाली संभवतात, म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल होताच सुमारे हजार शक्यता उभ्या राहतात. आजची यंत्रे निरुपयोगी फांद्या छाटत या अरण्यात इतकी खोल शिरतात की, जे माणसाला केवळ जाणिवेने उमजते ते त्यांना गणनेने गवसते. तेव्हा पारखच तपासायची असेल, तर यंत्राची गणना रोखून धरली पाहिजे. पुढचे काही न पाहता समोरच्या पटाचे मोल सांग, असे त्याला बजावले पाहिजे. २०२४ साली डीपमाइंडच्या संशोधकांनी जवळपास हेच केले. एक कोटी डावांतील स्थितींवर शिकवलेले, पुढच्या चालींचा शोध मुळीच न घेणारे त्यांचे यंत्र लिचेस या संकेतस्थळावर माणसांशी झटपट डाव खेळून २८९५ गुणांकनापर्यंत पोहोचले. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश या बुद्धिबळ-यंत्राच्या बाराव्या आवृत्तीने माणसांनी हाताने लिहिलेल्या मूल्यमापनाच्या जोडीला लक्षावधी स्थितींवरून शिकलेले न्यूरल जाळे बसवले आणि त्याचे बळ एकदम वाढले. आता घोड्याच्या ठाण्याला यंत्र किती मोल देते, हे त्याच्या आज्ञावलीत एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणूनच निवडक स्थिती समोर ठेवून त्याला प्रश्न विचारण्याची गरज मला पूर्वीपेक्षा अधिक वाटते.

स्टॉकफिशचे कर्ते आपल्या प्रत्येक सुधारणेचा निवाडा हजारो डाव खेळवून करतात आणि एकच आरंभस्थिती रंग बदलून दोनदा खेळवण्याचा तेथे शिरस्ता आहे. यामुळे बळ अचूक मोजले जाते, पण उणीव नेमकी कोठे आहे ते कळत नाही. माझ्या मते दोन्ही रीतींची सांगड घालावी: संग्रहातील स्थिती घ्यावी, यंत्राला एकच चाल विचारून न थांबता तेथून पुढचा डाव दोन्ही बाजूंनी वारंवार खेळवावा, आणि सुचवलेली चाल पुढच्या वीस चालींत ते निभावून नेते का ते पाहावे. पेट्रोस्यान यांची चाल अशा कसोटीला उतरली होती: १९५३ च्या त्या डावात रेशेव्हस्की यांनी हत्ती लगोलग मारला नाही. सत्ताविसाव्या चालीस मारला, पुढच्याच चालीस घोडा डी ५ वर येऊन बसला, आणि तिसाव्या चालीस रेशेव्हस्की यांनी आपण होऊन आपला हत्ती काळ्याच्या उंटाच्या मोबदल्यात परत केला. एकेचाळिसाव्या चालीस डाव बरोबरीत सुटला.