जंप सीटवरचा वैमानिक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरला जाऊन विमान पकडणे नाशिककरांना नवे राहिलेले नसले, तरी वैमानिकांविषयीचा एक समज सुशिक्षितांमध्येही हटवादीपणे टिकून आहे. वैमानिक कामावर नसला तरी ओळखपत्र दाखवून कोणत्याही विमानाच्या कॉकपिटमध्ये बसू शकतो आणि सुट्टीवर असल्याने त्याच्या पेहरावावर वा वागण्यावर बंधन नसते, असे सर्रास सांगितले जाते. यातला एकही भाग खरा नाही.

कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे असलेले जादा आसन म्हणजे जंप सीट. तपासणी आणि प्रशिक्षण हे तिचे प्रमुख उपयोग. तिथे बसण्यासाठी आधी नियमांची आणि कंपनीची मुभा लागते, आणि ती असली तरी अखेरचा शब्द त्या उड्डाणाच्या कॅप्टनचा असतो. म्हणूनच पाहुण्या वैमानिकाने स्वतः जाऊन ओळख देणे, परवानगी विचारणे आणि नकार मिळाल्यास वाद न घालणे हा या व्यवसायातला पहिला शिष्टाचार मानला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात, प्रवासी म्हणून निघालेल्या कंपनीच्याच कर्मचाऱ्याला कॉकपिटमध्ये घेतल्याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. हा कडकपणा कागदी नव्हे: ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत जंप सीटवर बसलेल्या, कामावर नसलेल्या एका वैमानिकाने उडत्या विमानाची इंजिने बंद पाडण्याचा प्रयत्न केला, आणि विमान पोर्टलंडला वळवावे लागले.

पेहरावाबाबत नियम कंपनीगणिक बदलतात, पण जंप सीटवर गणवेश किंवा कार्यालयात शोभेल असा नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो. फाटकी जीन्स, अर्धी चड्डी, सपाता चालत नाहीत. कर्मचारी सवलतीच्या तिकिटावर साध्या आसनात बसणाऱ्यांनाही, त्यांच्या कुटुंबीयांसह, अशीच बंधने लागू होऊ शकतात. मार्च २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने अशा तिकिटावरच्या दोन मुलींना लेगिंग्जमुळे डेन्व्हर येथे विमानात घेतले नाही. त्या निर्णयावर टीका झाली आणि ती रास्तही होती, परंतु पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशांना तो नियम लागूच नव्हता, हे टीकाकारांपैकी अनेकांनी पाहिले नाही.

प्रवाशांमध्ये बसलेला गणवेशधारी वैमानिक फिरायला निघालेला असतो, हाही गैरसमजच. पुढच्या उड्डाणासाठी कंपनी त्याला हलवत असेल, तर त्याला डेडहेड म्हणतात आणि तो वेळ कर्तव्यकाळातच धरला जातो. त्याने मद्य घेतले तर काय बिघडले, असे विचारणाऱ्यांनी भारतीय नियमांतील उड्डाणापूर्वीच्या बारा तासांच्या मद्यबंदीची नोंद घ्यावी.

जादा वैमानिक निरुपयोगी असतो, हे तर सपशेल चूक. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे नियंत्रणपृष्ठे हलवणारी द्रवदाबाची व्यवस्था, निकामी झाली, तेव्हा प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी मदतीची तयारी कळवली आणि कॅप्टनने बोलावल्यावर कॉकपिटमध्ये जाऊन इंजिनांच्या शक्तीने विमान वळवण्याचे काम हाती घेतले. सू सिटीला उतरताना झालेल्या अपघातात ११२ जण दगावले, पण १८४ वाचले.