संग्रहालयाची शिस्त नव्या संसारालाही

नवी नोकरी, नवा संसार आणि घराची दुरुस्ती एकाच वेळी निघाली की ओढाताण ठरलेलीच. नोकरी संग्रहालयातील असेल, तर अडचण आणखी वाढते. रविवार हा तेथे गर्दीचा दिवस. अनेक संग्रहालयांची साप्ताहिक सुटी सोमवारी असते. जोडीदाराची सुटी मात्र रविवारची. गवंडी, सुतारांवर आळीपाळीने देखरेख होते. पण दोघांनी एकत्र बसून निर्णय घेण्याचा दिवसच उरत नाही आणि फरशीच्या रंगावरून निघालेला विषय रुसव्यावर जातो.

यावरचा उपाय संग्रहालयाच्याच कार्यपद्धतीत आहे. जीर्ण वस्तूला हात लावण्यापूर्वी तिच्या स्थितीची छायाचित्रांसह नोंद होते, बिघाडाचे मूळ शोधले जाते आणि आवश्यक तेवढाच हस्तक्षेप केला जातो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची १८७२ मध्ये खुली झालेली वास्तू सुमारे पाच वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुली झाली.

घरालाही हाच क्रम लागू पडतो. खोलीनिहाय कामे, खर्च आणि ठरलेले निर्णय एका वहीत असले, की घरी जो असेल त्याला कारागिरांना सांगता येते. प्रथम ओल शोधावी. मग नळ व वीज, त्यानंतर गिलावा आणि अखेरीस रंग. ओलसर भिंतीवरील रंगाला पोपडे येतात; चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओलावा आत कोंडतो. एक खोली शेवटपर्यंत राहण्याजोगी ठेवावी. दुरुस्ती दोन महिने लांबली तरी चालते. त्यापायी संसाराचे पहिले दिवस कटू होणे परवडणारे नाही.