पारधी आणि त्याचा फांसा

बुलढाणा जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या कडेला फांसेपारध्यांचे बेडे आहेत. बेड्याकडे बोट दाखवितांना सांगणाराचा आवाज बहुधा खालीं येतो. ज्या शब्दापाशीं तो अडखळतो, त्याचें कूळ आज पाहूं.

'शिकार' हा शब्द फारसी, 'पारध' आपली. प्राकृतांत ती 'पारद्धि' होती. बाराव्या शतकांतील वैयाकरण हेमचंद्र तिचें मूळ संस्कृत 'पापर्द्धि' असें देतो, आणि मधल्या 'प'चा 'र' कसा झाला हें सांगण्यासाठीं त्यानें एक स्वतंत्र सूत्र खर्चीं घातलें आहे. पापर्द्धि म्हणजे पापाची भरभराट! हेमचंद्र जैन होता, हें येथें विसरूं नये. एकाच शब्दासाठीं वेगळा नियम करावा लागला, तेव्हां मूळ शब्द लौकिक असावा आणि त्यांतील पाप पंडितांनीं मागाहून घातलें असावें, अशी शंका मला येते.

पारध्याची खरी ओळख मात्र 'फांसे' या पूर्वपदांत आहे. फांसा हा संस्कृत 'पाश' शब्दाचा वंशज. अमरकोशांत 'व्याध' निराळा आणि 'वागुरिक' निराळा. व्याध विंधतो, वागुरिक जाळें लावून धरतो. फांसेपारधी या दुसऱ्या घराण्यांतला. तितर, लावे, हरणें यांच्या वाटेवर सरकगांठीचे फांस मांडून तो दबा धरून बसे, आणि जनावर जिवंत हातीं लागे. वाट ओळखणें आणि वाट पाहणें, हीच त्याची विद्या. त्याच्या भाऊबंदांचीं नांवेंहि धंद्यावरूनच पडलीं: शिकविलेल्या चित्त्याकडून काळवीट धरविणारा तो चित्तापारधी, जात्याला टाकी लावून देणारा तो टाकणकार.

या धंद्याच्या नांवाचा गुन्हा झाला तो कायद्यानें. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार मानणारा कायदा इंग्रज सरकारनें १८७१ सालीं केला, आणि पुढें पारध्यांचें नांव त्याखालीं आलें. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो रद्द झाला. संशय रद्द झाला नाहीं. चोरी झाली कीं आधीं बेड्यावर जावयाचें, ही रीत पुष्कळ वर्षें टिकली.

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. ज्ञानगंगेचें अभयारण्य याच जिल्ह्यांत आहे. त्या कायद्यांतील शिकारीच्या व्याख्येंत मारणें येतें, तसेंच पकडणें आणि फांसा लावणेंहि येतें. अमरकोशानें निराळे ठेवलेले व्याध आणि वागुरिक तेथें एकाच ओळींत बसले आहेत.