जुन्या गाडीची ऑइलगळती: आधी उगम शोधा
गाडीखाली सकाळी काळा, चिकट डाग दिसला की इंजिन ऑइल गळतंय असं समजावं. पण डागाच्या बरोबर वरच गळती असेल असं नाही. ऑइल वरून ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करा, थोडी गाडी फिरवा आणि टॉर्चने पाहा. सर्वांत वरचा ओला भाग हाच बहुधा उगम.

जुन्या गाडीत टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरतं. ते बदलणं सोपं आणि स्वस्त. बोल्ट मात्र बेताने आवळा, नाहीतर कव्हर वाकून गळती पुन्हा सुरू होते. ड्रेन प्लगचा वॉशर आणि ऑइल प्रेशर स्विचही तपासा. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असतील, तर संशय क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. त्याआधी इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहा. तो तुंबला तर आतला दाब वाढून नवं सीलही गळतं.

दुरुस्ती होईपर्यंत डिपस्टिक वरचेवर तपासा. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत असेल, तर गाडी चालवूच नका. आग लागू शकते.