नंबर कुठे लागेल? (भाग 3) : कट-ऑफच्या यादीतले शेवटचे अक्षर

समजा, अंबाजोगाईची दोन मुले आहेत. दोघेही खुल्या प्रवर्गातले आणि दोघांनाही एमएचटी-सीईटीत 88 पर्सेंटाइल. एकाने बारावी गावातच केली. दुसरा अकरावीलाच लातूरला गेला आणि तिथल्या कॉलेजातून बारावी झाला. आता छत्रपती संभाजीनगरच्या एकाच खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात दोघांनी एकच शाखा मागितली, तरी त्यांच्या रांगा वेगळ्या लागतात.

याचे कारण 'होम युनिव्हर्सिटी'. ती रेशनकार्डावरच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठे केली त्यावरून ठरते. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, तर लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या. खासगी महाविद्यालयांत कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) भरल्या जाणाऱ्या राज्यातल्या जागांपैकी 70 टक्के होमच्या मुलांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्यांसाठी असतात. म्हणजे लातूरला शिकलेला बीडचा मुलगा संभाजीनगरात बाहेरचा ठरतो आणि नांदेडात घरचा. दरवर्षी कितीतरी मुले शिकण्यासाठी लातूर गाठतात, पण अकरावीचा फॉर्म भरताना हे त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगायलाच हवे.

म्हणून गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी उघडली, की आधी प्रवर्गाच्या कोडचे शेवटचे अक्षर पाहावे. 'एच' म्हणजे होम, 'ओ' म्हणजे बाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. पुण्याच्या खासगी कॉलेजांसाठी बीड जिल्ह्यात बारावी केलेल्या मुलाने 'ओ'चाच आकडा धरावा, 'एच'चा आकडा त्याच्यासाठी नाही. पुण्याचे सीओईपी, संभाजीनगरचे 1960 सालचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडचे एसजीजीएस इथे जागा राज्यस्तरावर भरतात, त्यामुळे बारावी कुठली हा प्रश्नच उरत नाही. मुलींनी 'एल'ने सुरू होणारा रकानाही पाहावा, कारण 30 टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत.

आता पर्सेंटाइल. 88 पर्सेंटाइल म्हणजे 88 टक्के गुण नव्हेत, तर साधारण 88 टक्के मुले आपल्या बरोबर किंवा मागे आहेत. 2025 साली पीसीएम गटात चार लाखांहून अधिक मुले बसली. त्या हिशेबाने या मुलाच्या पुढे पन्नास हजारांच्या आसपास मुले उरतात. परीक्षेला बसणारे वाढले, की त्याच पर्सेंटाइलला मेरिट नंबर मागे सरकतो. दुसरीकडे एआयसीटीईने 2024 पासून जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि अनेक कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात आणि मेरिट नंबरही ताडून पाहावा.

ऑप्शन फॉर्ममध्ये मात्र हा अंदाज बाजूला ठेवावा. नंबर लागणार नाही म्हणून आवडते कॉलेज खाली ढकलण्यात काहीच फायदा नाही. वरचा पर्याय मिळाला नाही, तर यंत्रणा खालचा तपासतेच. धोका उलट बाजूने आहे. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की प्रवेश तिथेच पक्का होत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांना हेच लागू होते. शेजाऱ्याच्या फॉर्मवरून यादी उतरवणारा नेमका इथे अडकतो.

(पुढील भागात : जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि ट्यूशन फी माफीच्या जागा)