‘जोगन’: भगव्या वस्त्रांआड दडलेली ओढ

१९५० साली प्रदर्शित झालेला ‘जोगन’ हा हिंदी चित्रपट आज काहीसा विस्मृतीत गेला आहे. दिलीपकुमार आणि नर्गिस यांच्या इतर चित्रपटांइतकी त्याची चर्चा होत नाही. मात्र, स्त्रीची इच्छा आणि समाजाचा दबाव यांतील संघर्ष त्यात अतिशय संयतपणे मांडण्यात आला आहे.

रणजित स्टुडिओच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन केदार शर्मा यांनी केले होते. १९४१ च्या ‘चित्रलेखा’मध्येही त्यांनी भोग आणि वैराग्य यांचा प्रश्न हाताळला होता.

‘जोगन’ची नायिका सुरभी ही कविमनाची तरुणी आहे. घरचे लोक वृद्धाशी तिचा विवाह ठरवतात, तेव्हा ती घर सोडून संन्यासिनी होते. नास्तिक विजय तिच्या भजनाच्या सुरांनी तिच्याकडे ओढला जातो. तिचेही मन विचलित होते. अखेर ती गाव सोडते आणि वाटेवरील एका झाडापलीकडे न येण्याची विनंती त्याला करते.

कथेचा पेच येथेच आहे. ज्या भगव्या वस्त्रांनी सुरभीला नकोशा विवाहातून सोडवले, तीच हव्याशा प्रेमाच्या आड येतात. विवाह नाकारणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठेने जगण्यासाठी वैराग्याखेरीज दुसरी वाट दिसत नाही. मनातील भावना उघडपणे बोलता येत नसल्याने ती गाण्यांतून व्यक्त होते. बुलो सी. रानी यांच्या संगीतात गीता रॉय, म्हणजेच नंतरच्या गीता दत्त यांनी गायिलेली मीराबाईंची भजने त्यामुळे कथेचाच भाग ठरतात.

त्या काळी हिंदू स्त्रीच्या हक्कांवर देशभर वाद सुरू होता. हिंदू संहिता विधेयक रखडल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये संमत झाला.

जरठ-कुमारी विवाहाचा हा विषय मराठी रसिकांना नवा नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, तर ‘कुंकू’ हा चित्रपट १९३७ मध्ये. शारदेची सुटका होऊन तिला अनुरूप वर मिळतो. सुरभीचीही सुटका होते, परंतु तिच्या वाट्याला संसार येत नाही. विजयच्या हाती उरते ती तिच्या कवितांची वही आणि तिची समाधी.