सेनापतीनें परत केलेलें अधिकारपत्र

अमेरिकेच्या राज्यक्रांतीचा इतिहास सांगतांना लेक्झिंग्टन, साराटोगा, यॉर्कटाउन या लढायांचें वर्णन सविस्तर येतें, परंतु इ. स. १७८३ च्या डिसेंबरच्या २३ व्या तारखेस ॲनापोलिस येथें जो लहानसा समारंभ झाला, त्याकडे वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं. स्वातंत्र्य, मर्यादित राज्यसत्ता आणि नागरिकांचा सद्गुण या तीन तत्त्वांचा त्या राष्ट्राच्या संस्थापकांस कोणता अर्थ अभिप्रेत होता, हें आमच्या मतें या एका प्रसंगावरून उत्तम रीतीनें समजतें. म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम पूर्वस्थिति पाहूं. ता. १५ जून १७७५ रोजीं वसाहतींच्या काँग्रेसनें जॉर्ज वॉशिंग्टन यास सेनापति निवडिलें. त्यानें वेतन नाकारलें व केवळ झालेल्या खर्चाचा हिशेब देण्याचें पतकरलें. ता. १ मार्च १७८१ पासून अमलांत आलेल्या संघाच्या घटनेनें काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार दिला नव्हता. तिनें तेरा संस्थानांकडे पैसा मागावा, आणि त्यांनीं तो द्यावा अथवा न द्यावा, असा प्रकार होता. राजाच्या करांविरुद्ध उठलेल्या लोकांनीं स्वतःच्या सरकारचेही हात बांधिले, यांत नवल नाहीं. पण त्याचा भोग सैन्याच्या वांट्यास आला. पगार थकले. १७८० सालीं काँग्रेसनें अधिकाऱ्यांस जन्मभर अर्धें वेतन देण्याचें वचन दिलें होतें. तें पाळलें जाईल असा भरंवसा फारसा कोणास उरला नाहीं.

या असंतोषाचा उद्रेक १७८३ च्या मार्च महिन्यांत न्यूबर्ग येथील छावणींत झाला. तेथें एक निनांवी पत्रक फिरूं लागलें. न्याय न मिळाल्यास तह झाला तरी सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवूं नयेत, असा त्याचा रोख होता. ता. १५ मार्च रोजीं अधिकाऱ्यांच्या सभेस वॉशिंग्टन स्वतः गेला. भाषण संपल्यावर एक पत्र वाचण्यासाठीं त्यानें चष्मा काढला, आणि देशसेवेंत आपली दृष्टीही मंदावत चालली, अशा आशयाचें कांहीं बोलला. भाषणानें जें साधलें नव्हतें तें या साध्या उद्गारानें साधलें. कित्येकांचे डोळे पाणावले, व सभेनें काँग्रेसवर विश्वास प्रकट केला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे: अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. काँग्रेसनेंही लवकरच जन्मभराच्या अर्ध्या वेतनाऐवजीं पांच वर्षांचें पूर्ण वेतन देण्याचें ठरविलें. प्रश्न मागणीच्या न्याय्यतेचा नव्हता. न्याय्य मागणीही तरवारीच्या धाकानें पुरी करून घ्यावी कीं नाहीं, हा होता.

ता. ३ सप्टेंबर १७८३ रोजीं पॅरिसचा तह झाला व नोव्हेंबरांत इंग्रजांनीं न्यूयॉर्क सोडलें. त्यानंतर वॉशिंग्टन ॲनापोलिसास काँग्रेसपुढें उपस्थित झाला. सभेस जेमतेम वीस सभासद हजर होते. अध्यक्षस्थानीं टॉमस मिफ्लिन होता. युद्धकाळांत वॉशिंग्टनच्या टीकाकारांत त्याची गणना होत असे. समारंभाचा विधि आधींच ठरविलेला होता. सेनापतीनें लवून वंदन करावें; सभासदांनीं टोप्या काढाव्या, पण प्रतिवंदन करूं नये. विजयी सेनापति मोठा खरा, पण लोकांनीं निवडलेली सभा त्याहून श्रेष्ठ, हें या विधीनें दाखविलें. वॉशिंग्टननें लहानसें भाषण करून आपलें अधिकारपत्र परत केलें व तो आपल्या शेतीवाडीकडे निघून गेला.

संस्थापकांच्या लेखांत ‘व्हर्च्यू’ हा शब्द वारंवार येतो. त्याचें मूळ लॅटिन ‘विर्’ म्हणजे पुरुष. आपला ‘वीर’ शब्द त्याचाच सगोत्र आहे. परंतु येथें वीरत्व रणांगणावरचें नसून हातीं आलेली सत्ता सोडण्याचें आहे. शेतावरून येऊन संकट निवारणारा आणि पुन्हां नांगराकडे परतणारा रोमन सिन्सिनेटस हा त्या पिढीचा आदर्श होता. आपल्या कौटिल्यानेंही अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणांत विनय व इंद्रियजय यांस स्थान दिलें आहे. भेद इतकाच कीं, तेथें संयमाचा भार मुख्यतः राजाच्या शिक्षणावर आहे. अमेरिकनांनीं सद्गुणावर भिस्त ठेवूनही त्यास कायद्याचें कुंपण घातलें. १७८७ च्या घटनेनें अध्यक्षास सेनापति केलें, पण युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसकडे ठेविला, आणि सैन्यासाठीं एका वेळीं दोन वर्षांहून अधिक काळाचा खर्च मंजूर करण्यास मनाई केली. वॉशिंग्टन दोन कारकीर्दींनंतर १७९७ सालीं अध्यक्षपदावरून निवृत्त झाला. तो प्रघात पुढें फ्रँकलिन रूझवेल्टच्या वेळीं मोडला. तेव्हां १९५१ सालीं त्यास घटनेंतील नियमाचें रूप द्यावें लागलें.

या चित्राची काळी बाजू झांकणें इतिहासकारास शोभणार नाहीं. वॉशिंग्टन ज्या शेतीकडे परतला, ती गुलामांच्या श्रमावर चालत होती. स्वतःच्या मालकीच्या गुलामांस मुक्त करण्याची तरतूद त्यानें मृत्युपत्रांत केली. राष्ट्रानें गुलामगिरी बंद केली ती १८६५ सालीं. महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक या कार्याबद्दल तेथील सज्जनांस अर्पण केलें. अमेरिकन स्वातंत्र्याचा सन्मान करतांना त्यांनीं १७७६ च्या जाहीरनाम्याची नव्हे, तर गुलामांच्या मुक्ततेची आठवण धरिली, हें मार्मिक आहे.

तात्पर्य, ॲनापोलिसच्या समारंभानें स्वातंत्र्य पूर्ण झालें नाहीं. पण तें पुढें वाढण्यास जागा राहिली. सेनापतीनें अधिकारपत्र स्वतःजवळच ठेविलें असतें, तर कायद्याच्या मार्गानें चुका दुरुस्त करणारी सभाच पुढें टिकली असती कीं नाहीं, याची शंका आहे.